खुनी बदलायला साताऱ्याला

"विलासला खुनी ठेवून चालणार नाही," माणगावकर म्हणाले आणि टेबलावरचा पत्रांचा ढीग त्यांनी माझ्याकडे ढकलला. "ही वाच."

मी वरची तीन वाचली. तिन्ही मुलींची होती. एकीनं पाकिटात चाफ्याचं वाळलेलं फूल घातलं होतं. दुसरीनं विलासला चांगली बुद्धी व्हावी म्हणून सोळा सोमवार धरले होते. तिसरी त्याच्याशी लग्न करणार होती, फक्त बारावीचा निकाल लागायचा होता.

"आणि हे." त्यांनी टाइप केलेलं एक पत्र पुढे केलं. ते केशतेलाच्या एका कंपनीचं होतं. आमची मालिका त्यांच्या पैशावर चालली होती, आणि विलासचं काम करणाऱ्या पोराला त्यांनी आता आपल्या जाहिरातीतही घेतलं होतं. पत्राची भाषा सभ्य होती, अर्थ सरळ होता. आमचं तेल लावणारा माणूस सख्ख्या काकाला गोळी घालणार नाही.

ही १९९४ सालची गोष्ट. मी, विशाखा ताम्हाणे, पंचवीस वर्षांची होते आणि पुण्यात माणगावकरांच्या हाताखाली पटकथा-सहायक म्हणून काम करत होते. ते निर्माते, तेच दिग्दर्शक. आम्ही 'पावणेसातचा भोंगा' या गाजलेल्या रहस्यकादंबरीवर तेरा भागांची मालिका करत होतो. लेखक श्री. के. उपळेकर, साल १९५८. अकरा भाग दाखवून झाले होते. शेवटच्या दोन भागांचं चित्रीकरण सोमवारी होतं, आणि आज शुक्रवार.

कादंबरीतली गोष्ट अशी. गावात एक कापडगिरणी असते आणि रोज संध्याकाळी पावणेसातला तिचा भोंगा होतो. एके दिवशी त्याच आवाजात इनामदारांना त्यांच्या माडीवर कुणीतरी गोळी घालतं, त्यामुळे बार कुणालाच ऐकू जात नाही. घरात तेव्हा तिघंच असतात. तालमीतून येऊन परसातल्या विहिरीवर अंघोळ करणारा पुतण्या विलास, स्वयंपाकघरात आचारी, आणि रजिस्टर पत्र घेऊन आलेले, पुढच्या ओसरीवर बसलेले पोस्टमास्तर. विलास मागच्या जिन्यानं वर गेला, गोळी झाडली आणि परत येऊन अंगाला साबण लावत बसला, असं हेर टिपणीस शेवटच्या प्रकरणात सिद्ध करतो.

"मग खुनी कोण करायचा?" मी विचारलं.

"आचारी कर."

"का पण?"

"का म्हणजे? पगार कशाचा घेतेस? कारण शोध. तो मिश्यावाला तसाही पहिल्या भागापासून संशयास्पद दिसतोय." मग त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. "उद्या साताऱ्याला जा आणि यावर उपळेकरांची सही आण."

कागदावर दोनच ओळी होत्या. चित्रीकरणाच्या सोयीसाठी कथानकात किरकोळ बदल करण्यास माझी हरकत नाही.

"किरकोळ?"

"एक माणूस मेलाय, तो मेलेलाच राहणार आहे. मारणारा तेवढा बदलतोय," माणगावकर म्हणाले. "आणि हे तिथं बोलायचं नाही. म्हातारा भलता तापट आहे. एका नाटकवाल्यानं त्यांच्या टिपणीसाला मिश्या लावल्या होत्या, तर भर तालमीत जाऊन यांनी त्या स्वतःच्या हातानं उपटल्या म्हणे. तू गोड बोल, सही घे, परत ये. नाही आणलीस तर मी दुसरा सहायक बघतो, आणि तो आणेल."

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी साताऱ्याला यादोगोपाळ पेठेत उपळेकरांच्या दारात उभी होते. घर पाहून मी चकितच झाले. पुढे ओसरी, ओसरीतून वर जाणारा जिना, माडीला हिरवे गज. पुस्तकातलं इनामदारांचं घर जसंच्या तसं, फक्त आकारानं निम्मं.

उपळेकर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, उंच, ताठ, आणि घरातही कोट घालून बसलेले. मी येणार म्हणून घातला होता हे नंतर कळलं. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. साताऱ्यात त्यांना सगळेच 'बाई' म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले.

"अकरावा भाग पाहिला," उपळेकर म्हणाले. "टिपणीस बरा उभा राहतो. पण बोलताना भुवया फार उडवतो. त्याला सांग, विचार भुवईच्या आत चालतो."

"सांगते."

बाईंनी गरम उपमा दिला, वर लिंबाची फोड. मी गोड बोलत होते, ते खूश होत होते आणि माझ्या बशीतला उपमा तसाच होता. शेवटी मी पिशवीतून कागद काढला. उपळेकरांनी चष्मा लावून तो वाचला, खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं.

"किरकोळ म्हणजे किती गं?" बाईंनी विचारलं. त्या दारात उभ्या राहून पदराला हात पुसत होत्या.

"म्हणजे... असंच काहीतरी."

"अकरा भागांत तुम्ही किरकोळ बदल केलेतच की. इनामदारांचा घोडा काढून मोटार आणलीत. आचाऱ्याची बायको गाळलीत. तेव्हा पोस्टकार्डसुद्धा टाकलं नाहीत. आणि आता शेवटचे दोन भाग राहिले असताना सहीसाठी पुण्याहून माणूस येतं. शिवाय आल्यापासून तू हा कागद दोनदा अर्धा बाहेर काढलास आणि परत ठेवलास. उपमाही तसाच आहे. माझा उपमा वाईट नसतो."

उपळेकरांचं पेन कागदापासून बोटभर वर थांबलं होतं. दोघंही माझ्याकडे बघत होते. आपण म्हणू शकतो, की काही नाही बाई, नेहमीची पद्धत आहे. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. कालपासून पाठ केलं होतं. पण त्या बाईंसमोर ते निघेना. गृहपाठ न करता वर्गात उभं केल्यासारखं झालं.

"खुनी बदलतोय," मी म्हणाले.

मग उपळेकर उभे राहिले.

"माझा खुनी?"

"हो."

"माझा विलास?"

"तो तेलाच्या जाहिरातीत आहे."

"तेलाच्या!" त्यांनी पेनाचं टोपण इतक्या जोरात लावलं की पेन हातातून उडून कोनाड्यात पडलं. "छत्तीस वर्षं! सात आवृत्त्या! बेळगावपासून नागपूरपर्यंत लोक मला विचारतात, साहेब, विलास कसा सुचला? आणि तो माणगावकर... मग कोण करतोय खुनी?"

"आचारी."

"आचारी!" ते मटकन खाली बसले. "अरे, त्याच्याकडे धड सुरीसुद्धा नाही. विळीवर भाजी चिरतो तो."

मी कागद उचलून पिशवीत ठेवला आणि माझी नोकरीही त्याच पिशवीत गेली असं समजून उठले. तेवढ्यात बाई शांतपणे म्हणाल्या, "आचारी नाहीच. पण विलासही नाही."

"कुमुद," उपळेकर म्हणाले, "पाहुण्यांसमोर नको."

"पाहुण्यांसमोरच. एरवी तुम्ही फिरायला निघून जाता." त्या माझ्याकडे वळल्या. "बस गं. पुस्तक आहे ना तुझ्याजवळ? तिसरं प्रकरण काढ. मागच्या जिन्याचं वाच."

मी काढलं. मागच्या जिन्यावर पावसाळ्यासाठी जळाऊ लाकडं रचली होती, ती पार वरच्या पायरीपर्यंत, असं तिथं स्पष्ट छापलेलं होतं.

"आणि शेवटच्या प्रकरणात विलास कुठून वर जातो?"

"मागच्या जिन्यानं," मी म्हणाले.

"मध्ये कुणीतरी काढली असतील लाकडं," उपळेकर पुटपुटले.

"सोळाव्या प्रकरणात, खुनानंतर दोन दिवसांनी, आचारी तिथली वरची दोन लाकडं काढतो आणि म्हणतो, रचल्यापासून पहिल्यांदाच हात लावतोय. तुमचंच वाक्य आहे."

मी तिन्ही पानं उघडून पाहिली. अकरा भाग मी त्या कादंबरीतून काढले होते, ती मला पाठ आहे असं मला वाटत होतं. मला हे दिसलं नव्हतं. सात आवृत्त्यांत कुणालाच दिसलं नव्हतं.

"मग तो बाहेरून गेला," उपळेकर म्हणाले. "मागच्या फाटकातून बोळात, वळसा घालून पुढच्या दारी. स्वयंपाकघरातून गेला असता तर आचाऱ्यानं पाहिलं असतं."

"आचाऱ्यानं त्याला विहिरीवर सहा त्रेचाळीसला पाहिलं, आणि परत सहा सत्तेचाळीसला. चार मिनिटं. जाऊन, गोळी घालून, परत येऊन."

"तरणाताठा मुलगा आहे!"

"घर आपलंच वापरलंयत," बाई म्हणाल्या. "विहीर तीच, बोळ तोच. करून बघू."

आणि त्यांनी फडताळातून एक स्टॉपवॉच काढलं. शाळेच्या क्रीडास्पर्धांत वेळ नोंदवायचं काम तीस वर्षं त्यांच्याकडे होतं.

अशा रीतीनं भर दुपारी बारा वाजता मी विलास झाले. उपळेकर म्हणाले, इनामदार मीच होणार, दुसऱ्या कुणाला ते जमणार नाही. ते माडीवर आरामखुर्चीत जाऊन पडले. बाईंनी मला विहिरीपाशी उभं केलं, माझी ओढणी कमरेला बांधली आणि म्हणाल्या, "पळ!"

मी पळाले. फाटक, बोळ, उकिरडा, मग एक वळण, तिथं एक म्हैस आडवी बांधलेली. दुसऱ्या वळणावर शेजारच्या शेंडेकाकू पायरीवर बसून लसूण सोलत होत्या.

"अगं, काय झालं? कुठं पळतेस?"

"काही नाही," मी धापा टाकत ओरडले, "उपळेकरांचा खून करायला!"

आता वाटतं, नुसतं 'काही नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी ओसरीवरून जिना चढून माडीवर पोचले तेव्हा माझ्या मागोमाग शेंडेकाकू, त्यांची सून आणि समोरचा शिंपी गळ्यातल्या टेपसकट वर आले. आरामखुर्चीत उपळेकर मान टाकून, डोळे मिटून, एक हात लोंबकळत सोडून पडले होते. काम चोख चाललं होतं. शेंडेकाकूंनी लसणासकट किंकाळी फोडली.

उपळेकरांनी एक डोळा उघडला. "थांबा वहिनी. अजून गोळी लागायचीय."

मंडळींना समजावून खाली पाठवेपर्यंत बराच वेळ गेला. शेंडेकाकू जाताना म्हणाल्या की या घरात काय चालतं ते त्यांना कधीच कळलेलं नाही.

बाई माझी पिशवी आणि पुस्तक घेऊन सावकाश वर आल्या. किंकाळी ऐकताच थांबवलेलं स्टॉपवॉच त्यांनी दाखवलं. "तीन मिनिटं दहा सेकंद. नुसतं जायला. म्हशीचे दहा सेकंद वजा कर हवं तर."

"ही पोरगी तालमीत जात नाही," उपळेकर म्हणाले.

"बरं. विलास दुप्पट वेगानं पळाला असं धरू. पण ओसरीवर पोस्टमास्तर बसलेत. ते जबानीत काय सांगतात? मी पूर्ण वेळ इथंच होतो, कुणीही आत गेलं नाही. मग विलास त्यांच्यासमोरून जिना कसा चढला?"

माझ्या डोक्यात काहीतरी सरकलं. मी पुस्तक चाळायला लागले. पाचवं प्रकरण. इनामदार एक पाकीट नाकाशी धरतात आणि म्हणतात, याचा डिंक ताजा आहे. कुणीतरी माझी पत्रं उघडून वाचतंय. पुढे त्या पाकिटाचं काय झालं ते लेखक विसरूनच गेला होता.

"पत्रं उघडणार कोण?" मी म्हणाले. "पोस्टमास्तर! इनामदारांना कळलं होतं. आणि पुढच्या जिन्यापाशी तेच एकटे होते. जायला यायला एक मिनिटसुद्धा नको."

"शाबास," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात छत्तीस वर्षं साठलेलं समाधान होतं. "मी हे हस्तलिखित वाचलं त्याच दिवशी यांना सांगितलं. हे म्हणाले, तुला साहित्यातलं कळत नाही."

मला वाटलं, आता म्हातारा उसळणार. पण उपळेकर खुर्चीत हलले नाहीत. ते गजातून बाहेर बघत होते.

"कळत नाही असं म्हणालो, कारण दुसरं काय म्हणणार होतो?" ते हळूच म्हणाले. "तू सांगायच्या आधीच मला माहीत होतं, कुमुद."

"काय माहीत होतं?"

"पोस्टमास्तरच आहे ते. पहिल्या खर्ड्यात तोच होता. डिंकाचं पाकीट त्याच्यासाठीच घातलं होतं. मग बदललं. तिसरं प्रकरण दुरुस्त करायचं राहून गेलं."

"का बदललंत?"

"का म्हणजे? तो पोस्टमास्तर चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधतो. शिक्का मारताना गुणगुणतो. चहात गूळ घालतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हिचे वडील, दादा, साताऱ्यात पोस्टमास्तर होते. हे घर त्यांचं. लग्नानंतर माझी नोकरी गेली तेव्हा त्यांनी आम्हाला इथं आणलं. रोज सकाळी माझ्यासमोर बसून ते चहा प्यायचे आणि विचारायचे, काय जावईबापू, किती पानं झाली? मी त्या माणसाला खुनी करू? त्यांच्याच घरात बसून, त्यांचाच चहा पिऊन? नाही झालं माझ्याच्यानं. रात्रीतून विलासच्या गळ्यात घातलं सगळं. आणि तू चुका दाखवायला लागलीस की पायांत चपला घालून बाहेर पडायचो."

बाई कॉटच्या कडेवर बसल्या. मला वाटलं त्यांना वाईट वाटलंय. पण त्यांचे खांदे हलत होते, आणि त्या हसत होत्या हे कळायला मला वेळ लागला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "दादांनी तो पहिला खर्डा वाचला होता."

"काय?"

"तुम्ही शिकवणीला गेलात की ते रोज टेबलावरची पानं वाचायचे. मला नंतर सांगितलं त्यांनी. पाकिटाचं आलं तेव्हाच त्यांनी ताडलं होतं. म्हणाले, कुमुद, त्या इनामदाराला मीच मारतोय बघ. इतके खूश होते! आयुष्यभर लोकांची पत्रं वाटली, कुणाला कधी वाटलं नाही की हा माणूस काही करू शकेल. आणि मग पुस्तक छापून आलं. शेवटचं पान वाचून त्यांनी ते मिटून ठेवलं आणि म्हणाले, जावई भ्याला. दोन दिवस नीट जेवले नाहीत."

उपळेकर बाईंकडे वळले. "आणि हे तू मला छत्तीस वर्षांत सांगितलं नाहीस?"

"दादांनी शपथ घातली होती. म्हणाले, त्याला वाईट वाटेल." त्यांनी डोळे पुसले. "मी निदान खुनी तरी बरोबर करून घ्यावा म्हणून मागे लागले होते."

खाली शेंडेकाकू शिंप्याला सगळं पुन्हा सांगत होत्या.

मग उपळेकर उठले, कोट नीट केला आणि माझ्यापुढे हात केला. "आण तो कागद."

त्यांनी माझ्याच पेनानं 'किरकोळ' हा शब्द खोडला आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'खुनी पोस्टमास्तर असेल तरच.' खाली सही. मग पेन बाईंकडे दिलं. "तूही कर."

"माझी कशाला?"

"कर म्हणतो ना."

सोमवारी सकाळी माणगावकरांनी तो कागद वाचला आणि पाच मिनिटं माझ्यावर ओरडले. मी काय काय बिघडवलं याची यादी झाल्यावर मी त्यांना तिसरं, पाचवं आणि सोळावं प्रकरण वाचून दाखवलं. ते खुर्चीत हळूहळू पुढे सरकले. शेवटी म्हणाले, "म्हणजे छत्तीस वर्षं सगळ्या महाराष्ट्राला चुकीचा खुनी माहीत आहे?"

"हो."

"आणि विलास निर्दोष?"

"अगदी. तेल लावायला मोकळा."

त्यांनी स्वतः उठून माझ्यासाठी चहा मागवला. त्यांची शाबासकी एवढीच, पण मला दुसरं काही ऐकायचंही नव्हतं.

पोस्टमास्तरांचं काम वसंतराव आजरेकर नावाचे जुने नट करत होते. बारा भागांत त्यांना एकूण अकरा वाक्यं होती. रविवारी बसून नव्यानं लिहिलेली शेवटच्या भागाची पानं मी त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली, मग बसून पुन्हा वाचली. "मी?" त्यांनी विचारलं. "नक्की मी?" त्या दिवशी टिपणीसासमोर त्यांनी जी कबुली दिली, ती संपल्यावर दिवे धरणाऱ्या लोकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. शिक्का मारताना गुणगुणायचं त्यांनीच सुचवलं. पुस्तकात वाचलं होतं म्हणे.

शेवटचा भाग दाखवला त्या आठवड्यात पत्रांचे तीन ढीग आले. निम्म्यांनी आम्हाला शिव्या घातल्या होत्या, अभिजात कादंबरीची वाट लावली म्हणून. उपळेकरांनी त्यातली शंभरएक पत्रं मागवून घेतली आणि प्रत्येकाला स्वतःच्या हातानं उत्तर पाठवलं. मी एक पाहिलं. 'मूळ पुस्तकातली चूक माझी. दुरुस्ती माझ्या पत्नीची. धाडस माझ्या सासऱ्यांचं.'

पुढे मी बऱ्याच रहस्यकथा पडद्यावर आणल्या, आणि माडीवरच्या त्या दुपारनंतर एकही कागद त्याचा खरा अर्थ न सांगता कुणापुढे सरकवला नाही. पण सांगायचं ते वेगळंच आहे. त्या वर्षीच्या दिवाळीत मला साताऱ्याहून बाईंचा फोन आला. आवाज दबका होता.

"हे पुन्हा लिहायला लागलेत," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षांनी. सकाळी चारला उठतात. रोज मला एक प्रकरण वाचून दाखवतात."

"खुनी कोण आहे?"

"ते सांगत नाहीत. फार मोठं गुपित चाललंय. मला दुसऱ्याच प्रकरणात कळलंय. मधलं एक दार पण चुकलंय त्यांचं."

"मग सांगितलंत का त्यांना?"

"छे गं," बाई म्हणाल्या. "आत्ता कुठं मजेत लिहितायत. मी रोज विचारते, अहो, कोण असेल हो?"